चूलबंद आवतण

पनवेल,
९ जानेवारी १९५८

प्रिय रोझीवन्सं,

शालोम.

काल काशिरामशेठ आपल्या कपबशांच्या दुकानात आले, उभे राहिले आणि निघून गेले. आमच्यापैकी कोणी त्यांना साधं ‘बसा’ही म्हटलं नाही. ते गेल्यापासून माझं कशात लक्ष नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

काशिरामशेठ म्हणजे पुणे रस्त्याच्या नाक्यावर नवं हॉटेल बांधतात ते. ट्रकवाले, मोटारवाले सगळे तिथे थांबणार. त्यांनी जाड पांढरा कप उचलला, उजेडात धरला, बोटाने त्याची कड चाचपली आणि परत ठेवला. पेंढ्यात बशा बांधणारा जगन खाली मान घालून बांधतच राहिला. शकूने पदर डोक्यावर ओढला. शेवटी ते म्हणाले, “बरं आहे,” आणि पायरी उतरले. आज जगनने बातमी आणली की त्यांनी कप कुठून घ्यायचे त्याची मुंबईला चौकशी चालवली आहे.

शकूला तुम्ही पाहिलेलं नाही. माझे सॉलोमन वारल्यावर मी तिला ठेवलं. करंजाड्याची आहे, आगऱ्यांची, तिशीची. नवरा मिठागरावर. खेड्यातल्या बाया आल्या की तिच्यासारखी विकणारी नाही. कपाला नखाने टिचकी मारते आणि आवाज ऐकवून म्हणते, “बग, बोलतंय कसं!” कपबशीची जोडी न्यायला आलेली बाई बरणीही घेऊन जाते. पण हॉटेलवाला, खानावळवाली, मिठागराचा मालक, असं कोणी दारात दिसलं की तिची बोलती बंद. मी विचारलं तर म्हणते, “ती मोठी मान्सं. आमी कसं बोलाचं?”

सॉलभावजींचं तुम्हाला ठाऊकच आहे. रेल्वेतून निवृत्त होऊन ते इस्रायलला चालले. दुकानाची जागा मामंजींनी त्यांच्या नावे ठेवलेली, ती आता विकायची म्हणतात. त्यांचंही चूक नाही. घरच्या गिऱ्हाइकावर, दिवाळीच्या दिवाळी दोन जोड्या नेणाऱ्यांवर, दुकान तगत नाही. तुम्ही रदबदली केलीत म्हणून त्यांनी पेसाहच्या सणापर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, थांबायचं कबूल केलं. तोवर घाऊक गिऱ्हाईक बांधलं तर दुकान राहील, नाहीतर जाईल. मग मी कुठे जायचं हे मला कोणी विचारलेलं नाही, आणि मीही स्वतःला विचारत नाही.

तुम्ही इतकी वर्षं फोर्टात मोठ्या दुकानात काचसामान विकता. शकूची भीती कशी घालवायची, ते सांगा.

तुमची
मिल्का


भायखळा, मुंबई,
१३ जानेवारी १९५८

प्रिय मिल्का,

शालोम. तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक कप उजेडात धरतं आणि तुम्ही तिघं पुतळ्यासारखे उभे! अगं, कप उजेडात धरणारा माणूस अर्धा घेऊनच आलेला असतो.

आता ऐक. आमच्याकडे नवी मुलगी आली की मी तिला पहिल्या आठवड्यात माल विकूच देत नाही. क्लबांचे, इस्पितळांचे, हॉटेलांचे लोक येतात तेव्हा तिने फक्त एक प्रश्न विचारायचा, तोही आपल्या मालाविषयी नाही, त्यांच्या कामाविषयी. “तुमच्याकडे जास्त काय फुटतं, कान की काठ?” बस्स. माणसाला स्वतःच्या धंद्याविषयी बोलायला फार आवडतं. कप धुणाऱ्याला तो अर्धा तास शिव्या देईल. तोवर तुझी शकू सावरेल, आणि त्याला काय हवं तेही तिला कळेल.

दुसरं. आधी ‘बसा’ म्हणायचं, पाणी द्यायचं. उभ्या माणसाला जोडी विकता येते, पेटी विकायची तर बसवावं लागतं.

तिसरं, सराव. दुकान बंद झालं की जगनला शेठ बनव. सॉलोमनचा काळा कोट आहे ना अजून पेटीत? तो चढव त्याच्या अंगावर. कोट पेटीत ठेवून कोणाचं भलं झालंय?

सॉल हट्टी आहे पण वाईट नाही. लहानपणी बाबांनी त्याला गल्ल्यावर बसवलं की तो रडायचा. दुकान त्याला कधी आवडलंच नाही, म्हणून विकायची त्याला घाई झाली आहे.

शकूला माझा सलाम सांग. जगनला म्हणावं, पेंढ्यातून डोकं वर काढ.

तुझी
रोझी


पनवेल,
२७ जानेवारी १९५८

प्रिय रोझीवन्सं,

शालोम.

सराव केला. हसून हसून पोट दुखलं, आणि उपयोग काही झाला नाही.

कोट काढताना मला वाटलं होतं रडू येईल. पण जगनच्या गुडघ्यापर्यंत आलेला तो कोट, डोक्यावर त्याने टोपी म्हणून पालथी घातलेली पितळेची वाटी, आणि दारातून येताना “कोन हाय रं दुकानात?” असा काढलेला आवाज! शकू पेंढ्यात लोळली. मग उठून म्हणाली, “बसा शेठ. तुमच्याकडं काय फुटतं?” जगन म्हणाला, “माजं नशीब.” पुन्हा हसू. रोज संध्याकाळी हेच. सॉलोमनही हसले असते. जगनसमोर तिला सगळं छान जमू लागलं.

आणि मग खरी सत्यवतीबाई आली. बाजारपेठेतली खानावळवाली हो, तोंडाची फटकळ, पण तिच्याकडे रोज जेवणाऱ्यांच्या पंगतीवर पंगती उठतात. शकू पुढे झाली. मी आत पडद्याशी उभी राहून ऐकत होते. तिने एका दमात म्हटलं, “बसापाणीघ्यातुमच्याकडंकायफुटतं?”

सत्यवतीबाईंनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं. “फुटतं? माझ्या खानावळीत काही फुटत नाही. कोण म्हणालं तुला फुटतं म्हणून?”

शकूच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई बरणीचा भाव विचारायला आल्या होत्या, त्या तशाच गेल्या. नंतर शकू म्हणाली, “बाय, मी बाया-बापड्यांना इकते तेच बरं. मोठ्या मान्सांसाटी दुसरं कोन तरी बगा.”

मी तिला म्हटलं, असं नको बोलूस. शकू घाबरते, वन्सं, आणि त्या भीतीचं मूळ मला सापडत नाही.

तुमची
मिल्का


भायखळा,
३१ जानेवारी १९५८

प्रिय मिल्का,

शालोम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शकू घाबरते, शकूची भीती, शकूला कसं शिकवू. सत्यवतीबाई आली तेव्हा शकू पुढे होती. जगन पेंढ्यात होता. आणि तू? पडद्याशी.

काशिरामशेठ आला तेव्हा तू कुठे होतीस, ते तू लिहिलेलंच नाहीस.

रागावू नकोस. तू कराचीत वाढलीस, लग्न होऊन पनवेलला आलीस तेव्हापासून मी पाहते आहे. सॉलोमन बोलायचा आणि तू मागून त्याला हवा तो कप हातात द्यायचीस. अंधारातही हात चुकायचा नाही तुझा. पण आता बोलणारा राहिला नाही, आणि तू अजून मागेच उभी आहेस. दुकानाची पायरी उतरून बाजारात कोणाशी बोलायला शेवटची कधी गेली होतीस? मालकीण पडद्याआड असेल तर नोकराला वाटणारच की बाहेर काहीतरी भिण्यासारखं आहे.

गिऱ्हाईक येत नसेल तर आपण जावं. विकायला नाही, बोलवायला. एखादा रविवार धर आणि म्हणावं, या, माल बघून जा. बोलावणं करायला कोणाच्या बापाची भीती नसते.

कठोर लिहिलं असेल तर मोठ्या नणंदेचा हक्क समज.

रोझी


अहमदाबाद,
८ फेब्रुवारी १९५८

मिल्कावहिनींस शालोम.

जागेला गिऱ्हाईक मिळाले आहे. पनवेलचाच व्यापारी आहे. मार्चच्या मध्यावर मी येऊन बोलणे पक्के करीन, ताबा मात्र कबूल केल्याप्रमाणे पेसाहनंतर. आपल्याला वाईट वाटेल, पण व्यवहार व्यवहार आहे. माल काय शिल्लक आहे ते पाहून ठेवावे. माझी प्रकृती ठीक.

आपला
सॉल


पनवेल,
२४ फेब्रुवारी १९५८

प्रिय रोझीवन्सं,

शालोम.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले. पहिले काही दिवस मी तुमच्यावर चिडले होते. मग भावजींचं कार्ड आलं. मग चिडायला वेळ राहिला नाही.

काशिरामशेठ आले तेव्हा मीही पडद्याशी होते. बास, लिहिलं.

गेल्या आठवड्यात शकूच्या मावसबहिणीचं लग्न होतं, करंजाड्याला. शकूने इतका आग्रह केला की गढी नदीचं पात्र ओलांडून मी चालत गेले. आगऱ्यांची लग्नं बाई लावते हे मी ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. शकूची मावशी भामा ही त्यांची धवलारीण. मांडवात उभी राहून गाण्यांतून सगळे विधी तीच करते, आणि तिच्यामागे सूर धरायला शकू. पण नुसता सूर नाही, वन्सं! “पाटील, मागं सरा, सावली पडतं!” “नवऱ्याचा मामा कुटं गेला? टोपी घाल रं!” आणि पाटील, मिशीवाला, मुकाट मागे सरला. मी बघतच राहिले. हीच का ती पदर ओढून घेणारी?

परत येताना वाटेत मी विचारलं, “शकू, पाटलाला मागं सर म्हणतेस आणि काशिरामशेठला बसा म्हणायला भितेस?”

ती थांबली. तिने खरोखर विचार केला. म्हणाली, “बाय, तितं पाटील पावना हाय. त्याला आवतण गेलंय. ज्याला आपुन बोलावलं त्याला भिवाचं कशाला? दुकानात ही मान्सं आवतणाबिगर येतात. मंग त्यांचं काय कराचं, मना नाय समजत.”

मला तुमचं पत्र आठवलं. म्हटलं, “मग देऊ या आवतण. रविवारी माल बघायला या म्हणून सांग सगळ्यांना.”

शकूचा चेहरा असा उजळला! आणि लगेच म्हणाली, “पन आवतण घरच्या बाईनं द्याचं असतं. मी हाक मारनार. अक्षता तुमी ठेवाच्या.”

आता सुटका नव्हती. काल सकाळी आम्ही निघालो. शकू लुगडं नेसली होती ते लग्नातलं. माझ्या हातात हळद-कुंकवाच्या अक्षतांचं तबक. आपल्यात ही रीत नाही, पण शकूची ती आहे, आणि मी शकूच्या रीतीने चालले होते. पायरी उतरताना मी तबक घट्ट धरलं होतं. बाजारपेठेतले लोक वळून बघत होते. ‘सॉलोमनची बायको’ असं कोणीतरी म्हणालं.

काशिरामशेठच्या दारात शकू थेट उंबऱ्यापाशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “काशिरामशेठ, पेणकरांच्या दुकानाचं आवतण हाय हो! येत्या आयतवारी. चूलबंद यायचं!” मी अक्षता ठेवल्या. शेठ गोंधळून हात जोडून उभे. मग त्यांच्या बायकोने मला पाट दिला, पाणी दिलं. मीच पाहुणी झाले! मग सत्यवतीबाई, मग मिठागरवाले दादूशेठ, मग बंदराकडची दोन-तीन हॉटेलं. सगळीकडे तसंच, ‘चूलबंद यायचं’. खेड्यातलं काही गोड बोलणं असावं. सगळ्यांनी मान डोलावली. सत्यवतीबाईंनी तर माझ्या ओटीत नारळ घातला.

घरी आले तेव्हा पाय दुखत होते आणि मला भूक लागली होती. खरी भूक. सॉलोमन गेल्यापासून अशी लागली नव्हती.

जगन कपाटं पुसतो आहे. चहाचं सामान आणून ठेवलं आहे. रविवारची वाट बघते आहे.

तुमची
मिल्का


भायखळा,
२८ फेब्रुवारी १९५८

मिल्का, अगं वेडे,

आताच तुझं पत्र हाती आलं आणि आताच लिहिते आहे. चूलबंद आवतण म्हणजे गोड बोलणं नव्हे! म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरी चूलच पेटवायची नाही. लहान-थोर, नोकर-चाकर, सगळं घर तुझ्याकडे जेवणार! हे पनवेलचं कोणतंही पोर तुला सांगेल, पण तू कराचीची. शकूला वाटलं असेल, बाईंनी आवतण म्हटलं म्हणजे जेवण आलंच. आणि तू चहाचं सामान घेऊन बसली आहेस!

ताबडतोब भटारी बघ. नाहीतर पोळ्या लाटायला बायका लाव. मी स्वतः आले असते पण रविवारी आमच्याकडे मोजदाद आहे.

हे पत्र वेळेवर पोचो. आपला प्रेषित एलियाहू हन्नाबी तुला सांभाळो.

घाईत,
रोझी


पनवेल,
४ मार्च १९५८

प्रिय रोझीवन्सं,

शालोम. तुमचं पत्र काल, सोमवारी पोचलं. मी वाचलं आणि एकटीच मोठ्याने हसले. जगन धावत आला.

आता रविवारचं ऐका.

सकाळी दुकान उघडून मी चार कप मांडले होते. जगन पायरीवर उभा होता, तो एकदम म्हणाला, “बाई, वऱ्हाड आलंय.” मला वाटलं चेष्टा करतो आहे. बाहेर पाहिलं. काशिरामशेठ लाल फेटा बांधून, मागे बायको, आई, सुना, नातवंडं. त्यांच्यामागे दादूशेठची बैलगाडी, गाडीत त्यांचे मिठागरातले मुकादमसुद्धा. सत्यवतीबाई आपल्या स्वयंपाकीणबाईंना घेऊन. सगळे नवे कपडे घालून. सगळे उपाशी.

“शकू,” मी म्हटलं, “ही सगळी माणसं...”

“चूलबंद आलीत,” शकू कौतुकाने म्हणाली. “जेवान कुटं ठेवलंय, बाय?”

माझा चेहरा बघून तिला समजलं. मनात आलं, पडद्याआड जावं आणि आतून कडी लावावी. तेवढ्यात काशिरामशेठच्या आईने पायरी चढताना हात पुढे केला, आधारासाठी. तो हात मी धरला. मग पडद्याआड जाता आलं नाही.

म्हटलं, “आई, आमच्याकडे शुभकार्याला चूल पेटवत नाहीत. आमच्यात मलिदा असतो, गोड पोह्यांचा.” अर्धं खोटं होतं. पण मलिदा मी सॉलोमनच्या नावाने बोललेच होते, दुकान राहिलं तर करीन म्हणून. देवाला थोडा आधी पोचला, एवढंच.

पुढचं सगळं शकूने केलं. ती दुकानाच्या मधोमध उभी राहिली, अगदी भामामावशीसारखी कमरेवर हात ठेवून. “जगन, पोहे, गूळ, केली, खारका, नारल! पल बाजारात! काशिरामशेठ, ते बाकडं भिंतीला सरकवा. दादूशेठ, तुमची मान्सं नारल फोडतील. सत्यवतीबाई, तुमचा हात खवनीला चांगला, तुमी बसा.”

आणि वन्सं, सगळे हलले! पाटलासारखे! फेटेवाले काशिरामशेठ बाकडं ओढत होते. सत्यवतीबाई खवणीवर बसून म्हणाल्या, “ह्या पोरीने मला कामाला लावलं की!” पण खोबरं असं भराभर पडत होतं.

वाढायचं कशात? आमच्या घरात ताटं किती असणार? मी जगनला म्हटलं, नव्या पेट्या फोड. पेंढ्यातून कोऱ्या बशा निघाल्या, माणसांची रांग लागली आणि हातोहात बशा पुढे गेल्या. त्याचा एक फायदा असा झाला की जे आमच्याकडचं खायला कचरत होते, त्यांनी बघितलं की भांडं कोरं आहे, डोळ्यांदेखत पेटीतून निघालं आहे. एकट्या सत्यवतीबाईंनी नुसतं केळं आणि खोबरं घेतलं. पण बशी उलटी करून शिक्का मात्र पाहिला.

दादूशेठच्या मुकादमाच्या हातून एक बशी निसटली. शकू म्हणाली, “गेली इडापिडा! आता बाकीच्या टिकतील.” हशा पिकला. आणि त्या हशातच ती काशिरामशेठकडे वळून सहज म्हणाली, जसं जगनला म्हणते तसं, “शेठ, तुमच्या हाटेलात जास्त काय फुटतं? कान की काठ?”

शेठ पोहे चावता चावता म्हणाले, “कान! कान तुटतो बाई. ती पोरं कपात बोटं घालून चार-चार कप उचलतात.” आणि मग बोलतच सुटले. मीच जाऊन तो जाड कप आणला, आखूड कानाचा, त्यांनी उजेडात धरला होता तोच. म्हटलं, “ह्याचा कान बोटाला पुरतो, पण आपटत नाही. शेठ, त्या दिवशी तुम्ही हाच बघत होतात.” माझा आवाज मला अनोळखी वाटला. पण बरा होता.

ते जरा ओशाळले. म्हणाले, “वहिनी, खरं सांगू? त्याच्या आधी मी दोनदा आलो तर दुकान बंद. दोन्ही वेळा शनिवार. तुमचा शब्बाथ, मला काय ठाऊक! तिसऱ्यांदा आलो तर कोणी बोलेना. मला वाटलं, आमच्यासारख्या हॉटेलवाल्याला तुम्ही माल देत नसाल. माझीच विचारायची छाती झाली नाही.”

वन्सं, आम्ही त्यांना भीत होतो आणि ते आम्हाला.

जाताना त्यांनी आपल्या हॉटेलासाठी कप सांगितले, पेट्यांनी. दादूशेठने मिठागरातल्या माणसांसाठी चहाचे मग. सत्यवतीबाई शेवटपर्यंत थांबल्या, पदर झटकला आणि शकूला म्हणाल्या, “फुटतं गं माझ्याकडे. लोणच्याच्या बरण्या. दर महिन्याला. उद्या घेऊन ये, आणि जेवायलाच ये.”

काल शकू बरण्या घेऊन गेली. एकटीच.

तुमची
मिल्का


भायखळा,
१० मार्च १९५८

प्रिय मिल्का,

तुझं पत्र मी आमच्या दुकानात मुलींना वाचून दाखवलं. शकूवर त्या फिदा आहेत.

सॉल अहमदाबादहून निघतो आहे. मी त्याला तुझं काही कळवलेलं नाही. मुद्दाम. त्याला कागदावर सांगून पटणार नाही, तो फक्त डोळ्यांनी पाहिलेलं मानतो.

मलिदा मात्र पुन्हा कर. नीट, प्रार्थनेसकट.

रोझी


पनवेल,
१८ मार्च १९५८

प्रिय रोझीवन्सं,

शालोम.

काल भावजी आले. येणार ते ठाऊक होतं, पण कोणत्या मोटारीने ते नव्हतं. मी माळ्यावर बशांच्या पेट्या तपासत होते, म्हणून मी त्यांना येताना पाहिलं नाही. आवाज तेवढा ऐकला. आणि मग, खरं सांगते, शिडीवरून उतरायचं सोडून मी ऐकतच राहिले. पण ह्या वेळी भीतीने नाही.

शकूने भावजींना जन्मात पाहिलेलं नव्हतं. तिला दिसला तो कोट-टोपीतला उंच माणूस, दारात उभा, कपाटांकडे बघणारा. ती लगेच उठली. “या शेठ, बसा. वाटेची धूल हाय, आधी पानी घ्या.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पेल्याचा आवाज आला.

“तुमी काय चालवता? हाटेल का खानावल?”

“मी काही चालवत नाही,” भावजी म्हणाले.

“मंग उघडनार असाल.”

“उघडणार नाही. बंद करणार आहे.”

मला वाटलं, संपलं, आता पदर डोक्यावर ओढेल. पण ती म्हणाली, “बंद करनारा मानूस कपाचा कान असा चाचपत नाय, शेठ.”

मी माळ्याच्या फटीतून पाहिलं. भावजींच्या हातात तो जुना निळ्या काठाचा कप होता, मामंजींच्या वेळचा, आम्ही विकत नाही तो. त्यांनी तो खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “बाई, मी सॉल पेणकर. हे दुकान विकायला आलोय.”

“अगो बाय! तुमी घरचे!” शकू म्हणाली. “घरच्याला आवतण लागत नाय, म्हनून तुमाला दिलं नाय हो, राग धरू नका. इकताय तर इका. जागा तुमची हाय. पन ज्याला इकताय त्याला एकदा हितं आना. बसवते, पानी देते, आनि इचारते, त्याच्याकडं काय फुटतं. आमच्याकडं आता काय फुटत नाय.”

आणि वन्सं, भावजी हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने, टोपी काढून, डोळे पुसत. सॉलोमनला मातीत ठेवून आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्याच वेळी काशिरामशेठची गाडी दारात लागली आणि जगन पेट्या चढवू लागला. शेठनी आत डोकं घालून हाक दिली, “मिल्कावहिनी, मोरबे रस्त्याला माझ्या मेव्हण्याचं हॉटेल निघतंय, त्यालाही आवतण द्या!”

मी शिडी उतरले. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “वहिनी, मला ह्या खुर्चीवर बसून लहानपणी रडू यायचं. कोणी आलं की काय बोलायचं तेच कळायचं नाही. बाबा ओरडायचे. मला वाटायचं हे दुकानच असं आहे. माणसाला मुकं करणारं.” त्यांनी शकूकडे बोट दाखवलं. “हिला कोणी शिकवलं?”

“थोडं रोझीवन्संनी, थोडं भामामावशीने,” मी म्हटलं. “आणि आम्ही दोघींनी एकमेकींना.”

त्यांनी त्या व्यापाऱ्याला आज निरोप धाडला, की पेणकरांचं दुकान चालू आहे. जायच्या आधी जागेचे कागद माझ्या नावे करायला ते वकिलाकडे जाणार आहेत. मी नको नको म्हटलं. ते म्हणाले, चालवणाऱ्याच्या नावावर असावं.

मग पेसाहसाठी कोरी भांडी हवीत म्हणाले, इस्रायलला बरोबर न्यायला. शकूने त्यांना बशांच्या सहा तऱ्हा दाखवल्या, प्रत्येकीला टिचकी मारून ऐकवलं, आणि पसंत पडल्यावर म्हणाली, “घरचे असलात तरी किंमत कमी नाय कराची. बाय परवानगी देनार नाय.” भावजी मुकाट ‘बरं’ म्हणाले. तुमचा सॉल!

ती बशा पेंढ्यात बांधत होती आणि भावजी तिला गाठ कशी मारायची ते दाखवत होते. तेवढ्यात बाहेर एक जीप थांबली. खाकी कपड्यातला कोणी साहेब उतरला. पायरीशी आला, फळीवरची किटली बघू लागला, आणि आत यावं की न यावं अशा विचारात तिथेच थांबला.

शकूने मान वर केली. तिचे दोन्ही हात सुतळीत अडकलेले होते. ती नुसती माझ्याकडे बघून हसली.

मी पायरी उतरले.

“या, बसा,” मी म्हटलं. “तुमच्याकडे जास्त काय फुटतं? कान की काठ?”

तुमची
मिल्का